पिकअपला टोइंग मिरर: जास्तीच्या वायर कुठून जोडायच्या?

ट्रेलरवाला

पिकअपला मूळचे छोटे आरसे आहेत. त्यांत काच हलवायची मोटर आणि काचेमागचा हीटर, एवढंच. ट्रेलर 2.5 मीटर रुंद आहे आणि गाडीची बॉडी साधारण 2 मीटर, म्हणजे ट्रेलर दोन्ही अंगांना पाव-पाव मीटर बाहेर येतो. सध्या आरशात ट्रेलरची पुढची भिंतच दिसते, मागचा रस्ता अजिबात दिसत नाही. म्हणून बाहेर ओढता येणारे टोइंग मिरर घेतलेत. वरची मोठी काच मोटरवर फिरते, खालची छोटी बहिर्गोल काच हाताने. आरसा बाहेर ओढणं आणि दुमडणंही हातानेच.

अडचण वायरिंगची आहे. नव्या मिररमध्ये काचेत बाणाचा इंडिकेटर, पुढच्या कडेला नारिंगी मार्कर, खाली पायाशी उजेड पाडणारा दिवा आणि मागे तोंड केलेला पांढरा दिवा असे चार दिवे आहेत, सगळे एलईडी. दारातून येणाऱ्या मूळ कनेक्टरला 5 वायर आहेत. नव्या मिररना चालकाच्या बाजूला 10 आणि दुसऱ्या बाजूला 12. सोबत आकृती आलेली नाही आणि वायरींचे रंग मूळ रंगांशी जुळत नाहीत.

कोणती वायर कशाची हे कसं ओळखायचं? चार दिव्यांना पुरवठा कुठून द्यायचा? एका बाजूला दोन वायर जास्त का? आणि दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून नव्या वायर कशा न्यायच्या?

तारतम्य

मिरर गाडीला लावायच्या आधी टेबलावर ठेवून सगळ्या वायर ओळखून घ्या. रंगांवर विसंबू नका. त्याच कारखान्याच्या दोन मिररमध्येही रंग बदललेले असतात.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि जोड्या मोजत जा. 5 ते 15 ओहमच्या आसपास स्थिर आकडा देणारी आणि बाकी कशाशीही न जुळणारी जोडी हीटरची. मोटरच्या तीन वायर असतात: एक कॉमन, एक वर-खालीची, एक डावी-उजवीची. या तिघींमध्ये तीन आकडे येतील. त्यांतले दोन जवळपास सारखे आणि तिसरा त्यांच्या दुप्पट. ज्या दोन वायरींमध्ये दुप्पट आकडा येतो त्यांच्यात दोन्ही मोटर एकापुढे एक मोजल्या जातात, म्हणून उरलेली तिसरी वायर कॉमन. मोटरचा आकडा थोडा नाचतो, ब्रश कुठे टेकलेत त्यावर तो बदलतो. काचेला बोटाने हलकं ढकलून पुन्हा मोजा.

एलईडी ओहमवर काहीच दाखवणार नाहीत. आत दोन-तीन एलईडी एकापुढे एक असतात आणि मीटरचा व्होल्टेज त्यांना पुरत नाही. 12 व्होल्टची बॅटरी घ्या, प्लसच्या वायरीत 470 ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घाला आणि एकेक वायर तपासा. दिवा मंद लागेल, पण ओळख पटेल. चुकून उलटं लागलं तरी करंट साधारण 27 मिलीअँपियरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळायची भीती जवळपास नाही. थेट 12 व्होल्ट लावून शोधायला जाऊ नका. ज्या एका वायरीला मायनस लावल्यावर चारही दिवे लागतात ती सामाईक ग्राउंड.

आता हिशोब करा: मोटर 3, हीटर 2, दिवे 4, ग्राउंड 1. झाल्या दहा. दुसऱ्या बाजूच्या जास्तीच्या दोन वायर बहुधा बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरच्या आहेत, काही गाड्यांत तो चालकाच्या पलीकडच्या आरशात असतो. त्या दोघींत काही किलोओहम मिळतील. सेन्सर आरशाच्या बुडाशी छोट्या जाळीमागे असतो. त्यावर बोट धरलं की आकडा हळूहळू उतरायला हवा. तुमच्या जुन्या आरशात सेन्सर नव्हता, म्हणजे गाडीचा सेन्सर दुसरीकडे आहे. या दोन वायर वेगवेगळ्या टोप्या घालून बांधून ठेवा. ज्यांच्या जुन्या आरशात सेन्सर होता त्यांनी मात्र तो जोडलाच पाहिजे. नाहीतर डॅशवर उणे 40 किंवा नुसत्या रेघा दिसतात, आणि ज्या गाड्यांत एसी हाच सेन्सर वाचतो त्यांत कॉम्प्रेसर चालूच होत नाही.

एक इशारा. आपोआप काळवंडणारी काच असलेला मिरर कुणाकडे असेल तर त्या काचेच्या दोन वायरींना 12 व्होल्ट कधीही लावू नका. ती काच साधारण 1.2 व्होल्टवर चालते. बॅटरी लागली की काच कायमची गेली.

आता पुरवठा.

इंडिकेटर: त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरच्या वायरीवरून. एलईडीचा बाण फार तर 0.2 अँपियर घेतो. मूळ बल्ब जागेवरच राहतो, त्यामुळे झपझप लुकलुकण्याचा प्रश्न येत नाही. तो भार कमी झाल्यावर येतो, वाढल्यावर नाही. पण पुढचा मूळ इंडिकेटर एलईडी असेल तर आधी मोजा. इंडिकेटर चालू असताना तिथे 12 च्या जवळ न मिळता 3 ते 6 व्होल्ट मिळत असतील तर ती एलईडीला मोजून करंट देणाऱ्या सर्किटची (ड्रायव्हरची) वायर आहे, तिला हात लावू नका.

ट्रेलरच्या सॉकेटवरून इंडिकेटर घ्यायचा मोह होईल. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या 7 पिनी सॉकेटमध्ये पिवळी आणि हिरवी वायर इंडिकेटर आणि ब्रेक दोन्ही एकत्र नेते. तिथून घेतलं तर ब्रेक दाबला की दोन्ही आरशांतले बाण पेटतील.

मार्कर: इथे उलट, ट्रेलरच्याच टेल लाइटचं सर्किट सगळ्यात चांगलं, 7 पिनीत ती तपकिरी वायर. तिला बहुतेक गाड्यांत रिलेवरून (छोट्या करंटने मोठा भार चालू-बंद करणारं स्विच) स्वच्छ 12 व्होल्ट मिळतात. पुढच्या पार्किंग बल्बची वायर टाळा. आजकाल गाडीचं मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा छोटा संगणक) तो बल्ब तुकड्यातुकड्यांनी करंट देऊन मंद-तेज करतं, आणि एलईडी त्यावर थरथरतो. मीटरवर 7-8 व्होल्ट दिसले की समजा हाच प्रकार आहे. काही गाड्यांत ट्रेलर जोडलेला असल्याशिवाय तपकिरी वायर जिवंत होत नाही. ट्रेलर न जोडता, दिवे लावून मोजून बघा.

मागचा पांढरा दिवा: रिव्हर्स लाइटच्या वायरीवरून फक्त रिलेची कॉइल चालवा. तिला 0.15 अँपियरच्या आसपास लागतात. दिव्याचा भार फ्यूज लावलेल्या वेगळ्या पुरवठ्यावरून रिलेच्या 30 आणि 87 नंबरच्या पिनांमधून न्या. कॉइलवर डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिलेच घ्या, नाहीतर कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा झटका मॉड्यूलपर्यंत जातो. आत डायोड असेल तर कॉइलच्या 86 नंबरच्या पिनेला प्लस आणि 85 ला ग्राउंड, उलट नाही. वेगळं बटण लावून हा दिवा पुढे जाताना वापरता येईल असं काही करू नका. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो थेट पडतो.

पायाशी पडणारा दिवा माझ्या मते सोडून द्या. छताच्या दिव्यावरून घ्यावा लागतो, तो हळूहळू विझवण्यासाठी तुकड्यांतला करंट वापरतात, आणि कित्येक गाड्यांत प्लस कायम असून ग्राउंड तोडला-जोडला जातो. तुमच्या मिररला सामाईक ग्राउंड आहे, ते गणित जुळत नाही.

हीटरचं मात्र लक्षात ठेवा: जुन्या आणि नव्या काचेचा रोध मोजून इथे लिहा. तो अर्ध्यावर आला असेल तर आणखी एक रिले लागेल.

दहाचा पाना

वायरिंगचं वर आलंच आहे, मी दाराचं सांगतो.

बॅटरीची मायनस केबल काढा आणि काही मिनिटं थांबा. बऱ्याच दारांत धडक ओळखणारा दाबाचा सेन्सर असतो, तो एअरबॅगच्या मॉड्यूलला जोडलेला असतो. दाराचा कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग तो स्कॅनरनेच घालवावा लागतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना मीटरची सुईसुद्धा लावू नका.

ट्रिम काढताना आधी लपलेले स्क्रू शोधा: हँडलच्या वाटीत, हाताच्या टेकूखाली, आतल्या कडीमागे. सगळे निघाल्यावरच क्लिप ओढा. मग खालून सुरुवात, आणि शेवटी पॅनल वर उचलून काचेच्या कडेतून सोडवायचं. आत बुटिलने (चिकट रबराने) चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश सोडवा. तो फाटला आणि तसाच राहिला तर पावसाचं पाणी दाराच्या खालच्या छिद्रांतून बाहेर जायच्या ऐवजी केबिनमध्ये येतं.

आरसा बहुतेक गाड्यांत तीन नटांवर असतो, 10 मिमीचा सॉकेट लागतो. नट काढायच्या आधी त्याखालच्या भोकांत फडकं कोंबा. दाराच्या तळात पडलेला नट शोधण्यात अर्धा तास जातो. शेवटचा नट सुटताना बाहेरून कुणीतरी आरसा धरलेला हवा, नाहीतर सगळं वजन वायरीवर येतं.

आता रबरी नळी. तुम्हाला प्रत्येक दारात चार वायर न्यायच्या आहेत: इंडिकेटर, मार्कर, पांढरा दिवा, ग्राउंड. गाडीची बारीक तंतूंची 0.5 चौ.मिमी वायर पुरते. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर दाराच्या उघडझापीत तुटतेच. नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून काढा, म्हणजे तिच्या घड्या सरळ होतात. ताठ पण टोकाला वाकवून बोथट केलेली तार दाराकडून केबिनकडे ढकला. चार वायर तिला एकाच जागी बांधू नका. एकीमागे एक, दोन-दोन सेंटिमीटर मागेपुढे ठेवून टेप गुंडाळा, म्हणजे टोक निमुळतं होतं आणि घडीत अडकत नाही. सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. नळीच्या आत एकही जोड असता कामा नये.

काही गाड्यांत नळीच्या खांबाकडच्या टोकाला थेट मोठा कनेक्टर बसलेला असतो, आरपार वाटच नसते. मग त्या कनेक्टरमध्ये रिकामी घरं असतील तर त्याच मापाच्या पिना घेऊन ती वापरा. तीही नसतील तर दार आणि खांब दोन्हींत नवं भोक, कडेला रंग, रबरी ग्रोमेट. दोन्ही भोकं एकाच उंचीवर पाडू नका. वरखाली ठेवली तर दार उघडताना वायर एका जागी मोडत नाही, लांबीभर पीळ घेते, आणि तशी ती कितीतरी जास्त टिकते.

आतल्या वायर मूळ हार्नेसलाच (वायरींच्या जुडग्याला) बांधा आणि काच पूर्ण खाली करून, दार पूर्ण उघडून बघा. काचेच्या वाटेत आलेली वायर पहिल्या दिवशी चालते, मग हळूहळू सोलली जाते.

नट 8 ते 10 न्यूटन-मीटर, तिन्ही थोडे थोडे करत. बसवल्यावर आरसा पूर्ण बाहेर ओढून त्याची बाहेरची कड धरून हलवा. बूड पत्र्यासकट हलत असेल तर गॅस्केट वाकडं बसलंय किंवा नट सैल आहेत. बूड स्थिर आणि दांडाच खुळखुळत असेल तर दांड्याच्या पकडीत दोष आहे. तो नट आवळून जाणार नाही, मिरर बदलूनच घ्या.

ट्रेलरवाला

दोघांचेही आभार. मोजून झालं. जुना हीटर 10.4 ओहम, नवा 5.3, कारण खालच्या काचेलाही हीटर आहे. जास्तीच्या दोन वायरींत 11 किलोओहम, बोट धरल्यावर 8 च्या खाली. मोटरच्या तीन वायर सापडल्या. पुढच्या पार्किंग बल्बवर 7.8 व्होल्ट, तपकिरी वायरीवर ट्रेलर न जोडताही 12.4.

हीटरला रिले लावायचाच का? आणि जोड कशाने करू? बाजारात वायर न सोलता दाबून बसवायचे निळे क्लिप मिळतात.

तारतम्य

लावा. इंजिन चालू असताना 13.5 व्होल्ट धरले तर जुनी काच 1.3 अँपियर घेत होती, नवी 2.5 घेईल. दोन्ही मिळून 5 च्या वर. मागच्या काचेचा आणि आरशांचा फ्यूज बघितला तर कदाचित पुरेसा वाटेल. पण मधे दाराचं मॉड्यूल आहे आणि त्याचं आउटपुट जुन्या भाराच्या मापाने केलेलं असतं. ते एकतर हीटर बंद करून दोषाचा कोड नोंदवेल, नाहीतर निमूटपणे तापत राहील. दारातल्या जुन्या हीटरच्या दोन वायरींवर रिलेची कॉइल, आणि पुरवठा केबिनमधून 0.75 चौ.मिमीची वेगळी वायर, 5 अँपियरचा फ्यूज, प्रत्येक दाराला स्वतंत्र. रिले दाराच्या वरच्या अर्ध्यात, पिना खाली करून बसवा, म्हणजे ओघळणारं पाणी पिनांत साचत नाही.

बिजागरी

निळे क्लिप नकोत. त्यांची पाती बारीक तंतूंतले काही तंतू कापते, आणि उरलेल्यांना हवा-पाणी लागत राहतं. दारात तर पाणी असतंच. सहा-आठ महिन्यांनी तांबं हिरवं होतं, इंडिकेटर कधी लागतो कधी नाही, आणि दोष मिररला दिला जातो.

मूळ वायरीचं वेष्टन 8-10 मिमी सोलून, तिला न तोडता, उघड्या तोंडाच्या क्रिंपने (दाबून बसवायच्या धातूच्या पट्टीने) नवी वायर तिच्यावर दाबा. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. मूळ वायर अखंड असल्यामुळे ती नळी टोकाकडून सरकवता येत नाही, म्हणून जवळच्या कनेक्टरमधून ती एक पिन काढून तिथून नळी ओवा. पिन काढायचं नसेल तर वायर तोडा, दोन्ही टोकं आणि नवी वायर बट क्रिंपमध्ये (दोन्ही बाजूंनी वायर घालून दाबायच्या नळीत) घाला. केबिनमध्ये, जिथे वायर हलत नाही, तिथे सोल्डर चालेल. दारात सोल्डर नको: सोल्डर झिरपून वायर ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथेच मोडते.

फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून नवा फाटा काढणारा जोड) वापरणार असाल तर दिशा बघा. मूळ फ्यूज काढून सॉकेटची जिवंत बाजू मीटरने शोधा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो जिवंत बाजूला यायला हवा. उलटा बसला तरी दिवे लागतात, म्हणून चूक कळत नाही, पण नवा भार मूळ फ्यूजमधूनही जायला लागतो. नवा फ्यूज पुरवठा घेतल्या जागेपासून वीतभराच्या आत. मार्कर आणि इंडिकेटरच्या फाट्यांना 2 किंवा 3 अँपियर भरपूर.

आणि ग्राउंड दारात घेऊ नका. दार गाडीला बिजागऱ्यांनी जोडलेलं आहे, त्यांत ग्रीस आणि रंग दोन्ही असतात. चौथी वायर केबिनमध्ये आणून मूळ ग्राउंडच्या बोल्टवर घ्या.

चौथा गिअर

याच विषयाला धरून विचारतो: मोटरने दुमडणारे मिरर घेतले तर हेच सगळं लागू पडेल ना?

तारतम्य

दिव्यांचं लागू पडेल, दुमडण्याचं नाही. त्या मोटरला दोनच वायर असतात आणि दिशा बदलायची तर प्लस-मायनस अदलाबदल करावी लागते. साधा रिले पुरत नाही, दोन 5 पिनी रिले किंवा सहा पायांचं, सोडल्यावर मधे परत येणारं स्विच हवं. सोडल्यावर परत न येणारं स्विच लावलं आणि मोटरच्या आत करंट तोडणारी सोय नसली तर टोकाला पोचल्यावर ती अडून तापत राहते. दाराच्या मॉड्यूलमधूनच चालवायचं असेल तर त्या मॉड्यूलमध्ये तशी आउटपुट असायला हवी आणि गाडीच्या संगणकात ती चालू करावी लागते. फोर्ड गाड्यांसाठी फोरस्कॅन, रॅम गाड्यांसाठी अल्फाओबीडी ही सॉफ्टवेअर लोक वापरतात. काहीही बदलण्याआधी मूळ सेटिंगची प्रत जतन करा.

मिररच्या कनेक्टरला चारही दिव्यांसाठी मिळून तीन-चारच वायर असतील आणि रेझिस्टर लावून कुठलाच दिवा लागत नसेल, तर आत लिन बसवर (मॉड्यूलच्या आज्ञा एकाच वायरीने नेणारं जाळं) आज्ञा घेणारा बोर्ड आहे. तो स्विच-रिलेने चालत नाही. गाडीत तसंच मॉड्यूल नसेल तर तो मिरर परत करा.

ट्रेलरवाला

बसवले. हीटर, मोटर, रिव्हर्सचा दिवा ठीक. दोन गोष्टी राहिल्यात. चालकाच्या बाजूला इंडिकेटर लागला की मार्कर त्याच तालात मंद होतो, दुसऱ्या बाजूला होत नाही. आणि गाडी बंद असतानाही दोन्ही बाजूंचे बाण अंधारात अगदी पुसट पेटलेले दिसतात.

बिजागरी

पहिलं ग्राउंडचं. दोन्ही दिवे एकाच वायरीने परत जातात. तिच्या वाटेत रोध असला की दुसरा दिवा लागताच तिथला व्होल्टेज वर चढतो आणि पहिल्याला कमी उरतो. मार्कर आणि इंडिकेटर दोन्ही चालू ठेवून मिररच्या ग्राउंड वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजा. 0.1 च्या आत हवेत. जास्त आले तर मीटरची एक सुई मायनसवरच ठेवून दुसरी एकेक जोड पुढे सरकवा. ज्या जोडावर आकडा एकदम पडतो तो वाईट.

तारतम्य

दुसरं मॉड्यूलमुळे. बल्ब शाबूत आहे का हे बघायला ते अधूनमधून बारीक करंट सोडतं. बल्बला तो जाणवत नाही, एलईडीला पुरतो. प्रत्येक बाणाच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये 1 किलोओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आडवा जोडा. इंडिकेटर चालू असताना त्यातून जेमतेम 14 मिलीअँपियर जातात, त्यामुळे तो तापत नाही. हीट श्रिंकमध्ये बंद करून दारातल्या जोडाजवळच बांधा.

ट्रेलरवाला

ग्राउंडवर 1.9 व्होल्ट होते. केबिनमधली रिंग बोल्टखाली रंगावरच बसली होती. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, रिंग पुन्हा बसवली, वरून गंजरोधक लावलं. आता 0.03, आणि मार्कर हलत नाही. रेझिस्टर लावल्यावर बाणही पूर्ण विझतात.